भाऊबीज तिथीने, मुदत तारखेने

मिक्सरचं भांडं फुटलं, गिझरचा शॉक बसला, केस सरळ करायच्या यंत्राने कान भाजला. अशी पत्रं येतच असतात. वस्तू निरनिराळ्या, पण एक वाक्य सगळ्यांत ठरलेलं: "कंपनीशी बोलणं चालू आहे." बार्शीच्या एका ताईंच्या पत्रात ते दोनदा आहे. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, 4 नोव्हेंबर 2024 ला, त्यांच्या प्रेशर कुकरचं झाकण उडालं. उजवा हात आणि मान भाजली. दोन बोटं अजून नीट मिटत नाहीत, त्यामुळे घरचं शिवणकाम बंद पडलंय. कुकर दिरांनी ऑनलाइन मागवलेला, सव्वा वर्ष वापरातला. कंपनीचा माणूस येऊन जुना कुकर 'तपासणीसाठी' घेऊन गेला, नवा ठेवून गेला आणि एका कागदावर सही घेऊन गेला. भरपाई किती मिळेल, असं ताई विचारतात. शेवटी लिहितात, "दोन वर्षांची मुदत असते म्हणे. भाऊबीजेला दोन वर्षं होतील, तेव्हा दिवाळी झाली की निवांत वकील गाठू."

ताई, निवांतपणा सोडा. यंदा अधिक ज्येष्ठ आला, त्यामुळे दिवाळी पुढे गेलीये. लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला आहे. तुमची मुदत त्याच्या आधी, बुधवारी 4 नोव्हेंबर 2026 ला संपते. कायद्याला तिथी कळत नाही. कायद्यातलं वर्ष इंग्रजी कॅलेंडरचं, असं 1897 च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमातच लिहून ठेवलंय. भाऊबीज आटोपून तुम्ही वकिलाच्या दारात उभ्या राहाल तेव्हा आठवडा उलटून गेलेला असेल.

तुमच्या प्रकरणात सगळं अडलंय ते इथे. ग्राहक संरक्षण अधिनियम 2019, कलम 69: तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल झाली पाहिजे. कारण घडलं ते झाकण उडालं त्या दिवशी. कुकर विकत घेतला तो दिवस इथे धरत नाहीत, हातावरची दुसरी शस्त्रक्रिया झाली तो दिवसही नाही, आणि कंपनीने शेवटचा ई-मेल पाठवला तो तर नाहीच. पत्रव्यवहार चालू होता म्हणून मुदत वाढत नाही, नोटीस पाठवली किंवा तिला उत्तर आलं म्हणूनही वाढत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2009 सालीच स्पष्ट केलंय. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका निकालात असंही म्हटलंय, की समोरच्याने मुदतीचा मुद्दा काढला नाही तरी ग्राहक आयोगाने तो स्वतःहून आधी तपासायचा. तेव्हा कंपनीचा वकील विसरेल अशा आशेवर राहू नका. तो विसरणारही नाही. 'आपली तक्रार वरिष्ठांकडे पाठवली आहे' हे वाक्य बावीस महिने पाठवत राहायला कंपनीचं काय जातं?

उशीर माफ होऊ शकतो. पुरेसं कारण पटलं तर आयोग ते नोंदवून उशिराची तक्रार घेऊ शकतो, आणि तुमच्या दोन शस्त्रक्रिया हे ऐकून घेण्यासारखं कारण आहे. पण माफी आयोगाच्या मर्जीवर, आणि तिला वरच्या आयोगात आव्हान दिलं की वर्ष-दीड वर्ष कुकरबद्दल अवाक्षर न निघता नुसत्या उशिरावर वाद चालतो. हातात दिवस असताना त्या रस्त्याला जायचं कशाला? तक्रार दसऱ्याच्या आत ई-जागृती या ग्राहक तक्रारींच्या सरकारी पोर्टलवर चढवा. छाननीत त्रुटी निघतात, पानं अस्पष्ट म्हणून परत येतात, पोर्टल ऐन वेळी रुसतं. त्यासाठी हातात दिवस राहू द्या. दाखल झाल्याचा क्रमांक मिळेपर्यंत दाखल झाली असं समजू नका.

आता कुकर. तो तुम्ही देऊन टाकलात. रागावू नका, पण जो पुरावा हातात ठेवायचा तोच ज्याच्याविरुद्ध वापरायचा त्याच्या हवाली केलात, आणि पावती म्हणून जवळ काय, तर त्या माणसाने व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलेला चिठ्ठीचा फोटो. असू दे, तो फोटो आता सोन्यासारखा जपा. फोन बदलायच्या आधी त्याची प्रत काढून ठेवा. आजच कंपनीला रजिस्टर पोस्टाने आणि ई-मेलने कळवा, की अमुक तारखेला नेलेला कुकर, झाकण, व्हॉल्व्ह, शिट्टी आणि रबर जसंच्या तसं जपून ठेवा, त्याची विल्हेवाट लावू नका, तपासणीचा अहवाल द्या. तक्रारीबरोबर वेगळा अर्ज करून कुकर आयोगापुढे हजर करायला आणि प्रयोगशाळेकडे पाठवायला सांगा. कलम 38 मध्ये ती सोय आहे. कंपनी म्हणेल, भंगारात गेला. मग स्वतःहून नेलेली वस्तू तिने मोडीत का काढली, हे तिलाच सांगावं लागेल. हा मुद्दा तुमच्या बाजूचा आहे, मात्र आयोग त्याला किती वजन देईल ते आज छातीठोकपणे सांगता येणार नाही.

सही केलेला कागद मी पाहिलेला नाही, तुम्हीही वाचलेला नाही. नुसती नवा कुकर मिळाल्याची पोच असेल तर घाबरायचं कारण नाही. 'आता कोणतीही तक्रार उरली नाही' असं त्यात असेल, तर हात बांधलेला असताना न वाचता घेतलेली सही म्हणून भांडता येईल. तेवढं सोपं नसेल ते.

रबराचं काय? दोन महिने आधी ते बाजारातल्या दुकानातून बदललं, हे तुम्ही पत्रात शेवटी, जाता जाता लिहिलंय. कंपनी सुरुवात तिथूनच करेल. कलम 87 म्हणतं, इजा झाली त्या वेळी वस्तूचा गैरवापर झालेला असेल किंवा तिच्यात फेरबदल केलेला असेल तर विक्रेत्यावर दावा करता येत नाही. शब्द विक्रेत्यापुरते आहेत; उत्पादक स्वतः विकत असेल तर तोही त्यात बसतो. पण झिजलेलं रबर बदलणं म्हणजे फेरबदल का? माझ्या मते नाही, निदान त्याच मापाचं बसवलं असेल तर. शिवाय रबर बिघडलं, शिट्टी तुंबली, तरी जादा वाफेला वाट मिळून झाकण जागेवर राहावं यासाठीच तर कुकरला सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. तो का उडाला नाही, हा प्रश्न तक्रारीत ठळक मांडा. कलम 84 खाली उत्पादकाचा निष्काळजीपणा सिद्ध करत बसावं लागत नाही. घडणीत किंवा रचनेत दोष होता, किंवा वापराच्या सूचना अपुऱ्या होत्या, हे दाखवावं लागतं. आणि रबराची गोष्ट लपवू नका. उलटतपासणीत ती बाहेर आली तर बाकीचं खरंही खोटं वाटतं.

जे आधीच खोटं लिहिलं गेलंय त्याचं ओझं पुरेसं आहे. दवाखान्याच्या केसपेपरवर 'गरम पाणी सांडून भाजले' अशी नोंद आहे, कारण 'पोलिसांची कटकट नको' असं कोणीतरी सुचवलं. असं सुचवणारा माणूस प्रत्येक घरात एक असतोच. आता अपघात कुकरने झाला हे दुसऱ्या पुराव्यांनी उभं करा: त्याच दिवशीचे फोटो मूळ फोनसकट, आवाज ऐकून धावत आलेल्या शेजारणीचं प्रतिज्ञापत्र, कंपनीला दुसऱ्या दिवशी केलेला पहिला ई-मेल. तो ई-मेल फार कामाचा आहे, कारण वकिलाने डोकं चालवायच्या आधीचा आहे. केसपेपरची नोंद अशी का झाली ते प्रतिज्ञापत्रात स्वतःहून सांगून टाका.

बिल दिरांच्या नावावर आहे, याची काळजी नको. घेणाऱ्याच्या संमतीने वस्तू वापरणाराही कायद्याने ग्राहकच. खोक्यावर 'वाद फक्त दिल्लीच्या न्यायकक्षेत' छापलंय, तेही सोडून द्या. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे सोलापूरच्या जिल्हा आयोगात, तक्रार चालते. उत्पादक, विकणारा आणि ऑनलाइन कंपनी अशा तिघांनाही सामील करा. आमचं फक्त व्यासपीठ, असं ऑनलाइन कंपनी म्हणेल. ते कितपत टिकेल हे तिचा विक्रीत किती हात होता त्यावर ठरेल. कुकरवर आयएसआय चिन्ह होतं का, हे जुन्या फोटोंत बघा. 1 फेब्रुवारी 2021 पासून ते बंधनकारक आहे, आणि ते नसलेले कुकर विकू दिल्याबद्दल 2022 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मोठ्या ऑनलाइन कंपन्यांना एकेक लाखाचा दंड ठोठावला, विकलेले कुकर परत घ्यायचा आदेशही दिला.

राहिला तुमचा मूळ प्रश्न. आकडा मी सांगणार नाही. उपचार, अपंगत्व आणि मनस्ताप मागता येतो. शिवणकामाच्या बुडालेल्या कमाईवर वाद होईल, कारण कायद्यातल्या हानीच्या व्याख्येतून आर्थिक नुकसान वगळलंय आणि शारीरिक इजेतून होणारं इतर नुकसान मात्र धरलंय. कंपनी पहिलं वाक्य वाचून दाखवेल, तुम्ही दुसरं दाखवा. मागणी मोठी म्हणून जिल्ह्याऐवजी वरच्या आयोगाकडे जावं लागत नाही. मोजतात ती वस्तूची किंमत. गाडीला आग लागून पती गेलेल्या एका बाईंनी 50 कोटींच्या वर भरपाई मागितली होती, त्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2025 मध्ये ही पद्धत कायम ठेवली. तुमचा कुकर 2,400 रुपयांचा, म्हणजे जिल्हा आयोग, आणि दाखल करायला शुल्कही नाही.

निकाल कधी, हेही विचारलंय. कायद्यात तीन महिने, प्रयोगशाळेची तपासणी लागली तर पाच. कंपनीला लेखी उत्तरासाठी 30 दिवस आणि फार तर आणखी 15, त्यापुढे एकही नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2020 मध्ये बजावलंय. प्रत्यक्षात तारखा पडतात, सदस्यांच्या जागा रिकाम्या राहतात, वर्षं जातात. तुमचा एक दिवस चुकला तर दार बंद. आयोगाचे स्वतःचे तीन महिने मात्र कागदावर. याची चीड मलाही येते, पण तिचा तुम्हाला उपयोग नाही.

वकील परवडत नसेल तर बार्शी न्यायालयातल्या तालुका विधी सेवा समितीकडे जा. महिलांना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. जाताना दिरांच्या ई-मेलमधलं बिल, केसपेपर, फोटो, कंपनीशी झालेला सगळा पत्रव्यवहार आणि जुनं रबर घरात पडून असेल तर तेही पिशवीत घाला. या आठवड्यातच जा.