शब्दशंका : ‘टॅम्पर’ म्हणजे नेमके काय?

प्रश्न : इंग्रजी बातम्यांत ‘टॅम्पर’ हे क्रियापद वारंवार आढळते. ‘ढवळाढवळ करणे’ हा अर्थ सर्वत्र चालतो का, आणि त्यापुढे ‘विथ’ हवेच का?

उत्तर : ढवळाढवळ किंवा लुडबुड उघडपणेही होते व ती अनेकदा केवळ त्रासदायक असते, ‘टॅम्पर’मध्ये मात्र अधिकार नसताना, बहुधा गुपचूप, एखाद्या वस्तूची मूळ स्थिती बिघडवण्याचा वा बदलण्याचा भाव असतो. म्हणून पुरावे, कुलूप, वीजमीटर यांच्या संदर्भात ‘छेडछाड’ किंवा ‘फेरफार’ हे शब्द योग्य ठरतात. कर्म साक्षीदार असेल, तर तेथे ‘फेरफार’ हास्यास्पद होईल; आपल्याकडे साक्षीदार फोडला जातो किंवा फितवला जातो. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० याच्या कलम ६५च्या शीर्षकात हेच क्रियापद संगणकाच्या सोर्स कोडसंबंधी योजलेले आहे. मार्च २०१८मध्ये केपटाउन कसोटीत ऑस्ट्रेलियाच्या कॅमरन बँक्रॉफ्टने चेंडूवर सँडपेपर वापरल्यानंतर ‘बॉल टॅम्परिंग’ आपल्याकडेही घरोघरी पोहोचले.

या अर्थाने क्रियापद वापरताना ‘विथ’ आवश्यक आहे. कर्मणी प्रयोगातही ते गळत नाही, हे आपल्याकडील लेखक हमखास विसरतात : ‘द सील वॉज टॅम्पर्ड’ हे अपुरे असून ‘द सील वॉज टॅम्पर्ड विथ’ हे शुद्ध आहे. ‘बॉल टॅम्परिंग’ किंवा ‘टॅम्परप्रूफ’ अशा सामासिक रूपांत मात्र ‘विथ’ येत नाही. कॉफीची पूड दाबण्याच्या ‘टॅम्पर’ या उपकरणाचा येथे काहीही संबंध नाही. ते ‘टॅम्प’पासून आले आहे.