पुण्यात जिन्याच्या एसएस (स्टेनलेस स्टील) रेलिंगला एका पावसाळ्यातच सांध्यांपाशी गंज का आला?

अनेकदा दोष पाइपचा नसतो, सांधे घासण्याचा म्हणजे ग्राइंडिंगचा असतो. ज्या चकतीने लोखंडी ग्रिल घासली तीच एसएसवर फिरवली की लोखंडाचे कण त्यात रुततात. पावसाळी हवेत त्यांचेच तांबूस ठिपके उठतात. एसएससाठी फ्लॅप डिस्क (सँडपेपरच्या पट्ट्यांची घासायची चकती) वेगळीच ठेवायची. आधी ८० ग्रिट (आकडा जितका मोठा तितकी चकती बारीक), मग १२०, २४०, शेवटी बफ म्हणजे पॉलिशची चकती. एका जागी दाबून धरलं की पाइप निळा पडतो, शिवाय दीड मिमीची भिंत पातळ होते ती वेगळीच. निळे-तपकिरी डाग पिकलिंग पेस्टने (डाग काढायच्या आम्लाच्या लेपाने) काढून भरपूर पाण्याने धुवा. हातमोजे-चष्मा लावूनच, आम्ल जहाल असतं. आणि ग्रेड ओळखायला चुंबकाच्या परीक्षेवर जाऊ नका, २०२ (स्वस्त, लवकर गंजणारी) आणि ३०४ (जास्त गंजरोधक) या एसएसच्या दोन्ही ग्रेडना तो सहसा चिकटत नाही. बिलावर ग्रेड लिहून घ्या.