पहिलं जेल रंगवताना

प्रथिनं आकारानुसार वेगळी करणाऱ्या जेलमध्ये (मऊ, पारदर्शक चकतीत) प्रथिनांच्या पट्ट्या दिसल्या नाहीत म्हणून लगेच हिरमुसू नकोस. बहुतेकदा प्रथिन जागेवर असतं, जेलभर पसरलेला निळा रंगच अजून उतरलेला नसतो. कूमासी आर-२५० (प्रथिनाला चिकटणारा निळा रंग) वापरताना सुरुवातीला एवढं सांभाळ:

– जेल रंगाच्या द्रावणात पूर्ण बुडून मोकळं हललं पाहिजे. शेकरवर तासभर पुरतो.
– रंग उतरवायचं द्रावण, म्हणजे मिथेनॉल, १० टक्के ॲसेटिक ॲसिड आणि पाणी, दोन-तीनदा बदल. कोपऱ्यात टिश्यू पेपरची गाठ ठेव, ती सुटलेला रंग शोषून घेते. रात्रभर लागली तरी लागू दे.
– हातमोजे हवेतच. बोटांचे ठसेही निळे उमटतात.

मिथेनॉल विषारी आहे, फ्यूम हूडमध्येच (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात) काम कर. मायक्रोवेव्हचा झटपट मार्ग सध्या नकोच. एखादी पट्टी फिकी आली तर मार्करची (ठाऊक आकाराच्या प्रथिनांच्या मिश्रणाची) रांग बघ. मार्कर आधीच रंगवलेला नसेल आणि ती ठळक असेल तर रंगवणं ठीक झालंय, बहुधा प्रथिन कमी भरलंय.