पीककर्जाच्या पैशावर जपानवारी नको

प्रश्न : राळेगाव तालुक्यात नऊ एकर कोरडवाहू, कापूस-तूर. मुलगी अकरावीत. कॉलेजमार्फत जपानचा दहा दिवसांचा 'नेतृत्व व संस्कृती' दौरा आहे, खर्च 2,10,000. एकरकमी भरले तर 10,000 सूट. हप्त्यांनी भरू की एकरकमी? मे महिन्यात बँकेचं 2,20,000 पीककर्ज उचलून भरेन, मार्चमध्ये नवं-जुनं करू. कर्जासोबत घेतलेल्या शिक्षण विमा पॉलिसीचे वर्षाला 50,000 चे दोन हप्तेही भरलेत.

उत्तर : भाऊ, 10,000 च्या सुटीचं राहू द्या. मेमधलं कर्ज जपानला गेलं तर जूनमध्ये बियाणं आणि डीएपी खत कशातून आणणार? पेरणीपासून सीतादहीपर्यंत, म्हणजे कापसाच्या पहिल्या वेचणीपर्यंत, एकरी 15,000 धरले तरी 1,35,000 लागतात. ते सावकाराकडून महिना 3 टक्क्यांनी घेतले, की सहा महिन्यांचं व्याजच 24,000. सूट गेली, वर 14,000 अंगावर.

मार्च त्याहून कठीण. नवं-जुनं करायचं तर जुनं कर्ज आधी पूर्ण भरावं लागतं, मगच नवं मिळतं. कापसाच्या पैशातून सावकार फेडल्यावर 2,20,000 उरतील का? आपल्या राज्यात 3 लाखांपर्यंतचं पीककर्ज बिनव्याजी पडतं, पण मुदतीत फेडलं तरच. तारीख चुकली की 7 टक्क्यांनी 15,000 व्याज, खातं थकीत आणि पुढच्या खरिपाचं कर्ज अडलं. एका दौऱ्यापायी दोन हंगाम अडचणीत येतील.

आता पॉलिसी. पीककर्जासाठी विमा घ्यायची सक्ती कोणतीही बँक करू शकत नाही. तुमच्या गळ्यात ती मारली आहे, याचा मला राग येतो. तिसरा हप्ता भरण्याआधी विमा कंपनीकडून सरेंडर मूल्य, म्हणजे पॉलिसी मध्येच बंद केली तर परत मिळणारी रक्कम, लेखी मागा. आज तुम्हाला काही झालं तर घराला काय मिळेल, हेही पॉलिसीत पाहा. 2 लाखांचं पंतप्रधान जीवनज्योती विम्याचं कवच वर्षाला 436 रुपयांत मिळतं; ते आधी घ्या, मग जमेल तेवढा टर्म विमा, म्हणजे बचत नसलेला, फक्त मृत्यूनंतर घराला रक्कम देणारा. हेच 50,000 दरवर्षी आवर्ती ठेवीत गेले, तर चार वर्षांत दौऱ्याएवढे पैसे बिनकर्जाचे जमतात.

राहिला दौरा. दहा दिवसांपैकी जपानी कुटुंबात मुक्काम किती, हे कॉलेजला विचारा. हॉटेल आणि बसच असेल तर ते पर्यटन झालं. पैसे भरून मिळालेल्या प्रमाणपत्रावर विद्यापीठं शिष्यवृत्ती देत नाहीत. एनसीसीच्या युवा आदानप्रदानात निवडलेली मुलं सरकारी खर्चानं परदेशी जातात. साकुरा सायन्स या जपानच्या विद्यार्थी-भेट कार्यक्रमात खर्च जपान करतो. निवड अवघड असते, पण प्रयत्नाला कर्ज लागत नाही. पासपोर्ट मात्र आत्ताच काढून ठेवा. पंधरा वर्षांपुढच्या मुलीला 1,500 रुपयांत दहा वर्षांचा मिळतो.