नोकरी सोडण्याआधी तीन महिने एका पगारावर राहून बघा

तुमचं पत्र दोनदा वाचलं. अकरा वर्षांची मुलगी गणितात तीन इयत्ता पुढे आहे आणि वर्गात कंटाळून जाते. सात वर्षांचा मुलगा ऑटिस्टिक आहे, वर्गातला गोंगाट त्याला सोसत नाही, घरी आला की तासभर रडतो. दोघांनाही घरी शिकवायचं, त्यासाठी तुम्ही नोकरी सोडायची आणि कमी पडेल ते पाच वर्षं निवृत्तीच्या पुंजीतून काढायचं, असा तुमचा बेत आहे. शाळेची फी वाचेल, म्हणून जमेल असं तुम्हाला वाटतं.

फी हा या हिशेबातला लहान आकडा आहे. तुम्ही दिलेली रक्कम मी शंभराच्या प्रमाणात मांडते. घरात १०० येतात : ६० नवऱ्याचे, ४० तुमचे. १२ फीला, २० घराच्या हप्त्याला, ३८ घरखर्चाला आणि ८ थेरपीला जातात, २२ उरतात. नोकरी सोडल्यावर फीचे १२ आणि तुमच्या जाण्यायेण्याचे साधारण ४ वाचतील. पण मुलीची पुस्तकं, शिकवणी, परीक्षा यांना ५ तरी धरा. मुलाची स्पेशल एज्युकेटर आज फीमध्येच मिळते. तेच तास बाहेरून घेतलेत की थेरपीचे ८ चे १२ होतील. खर्च ७१, आवक ६०. दरमहा ११ ची तूट, आणि २२ ची बचत बंद.

वर्षाला ही तूट १३२ ची. तुम्ही आज ३८ वर्षांच्या आहात. ८ टक्के परताव्यानं पैसे साधारण ९ वर्षांत दुप्पट होतात, म्हणजे ६५ व्या वर्षापर्यंत आठपट. महागाई ५ टक्के धरून आजच्या किमतीत मोजलं तरी दुपटीहून थोडे जास्तच. आणि हे फक्त पहिल्या वर्षी काढलेल्या पैशांचं झालं. तुमच्या घरात त्या पुंजीवर दोघांचं नाही, तिघांचं म्हातारपण अवलंबून आहे. मुलगा मोठा झाल्यावर किती स्वतंत्र असेल हे आज कुणीच सांगू शकत नाही, म्हणून त्या पैशाला हात लावू नका असं मी स्पष्ट सांगते. शिक्षणासाठी कर्ज मिळू शकतं, निवृत्तीसाठी कुणी देत नाही.

माझ्या मते दोन्ही मुलांचा निर्णय एकत्र घेण्यात चूक होते आहे. मुलीला शाळा नको आहे, की गणिताचा तास नको आहे? एकाच विषयात वरच्या वर्गात बसू देण्याची सोय काही शाळा करतात, आधी ती मागा. मुलाची गरज मात्र खरी आणि तातडीची आहे. तुम्ही अर्धवेळ काम मागितलंत आणि फक्त त्याला घरी ठेवलंत, तर आवक ८० होईल. हप्ता २०, जाण्यायेण्याचे २ वाचून घरखर्च ३६, मुलीची फी ५, तिच्या जादा गणिताला १, थेरपी १२ : एकूण ७४. दरमहा ६ उरतात आणि पुंजी शाबूत राहते. नवऱ्याच्या कामाच्या वेळा बदलता येत असतील, तर दुपारचे दोन तास त्यांनी घ्यावेत. हा भार तुमच्या एकटीचा नाही.

मुलाचं नाव शाळेतून काढण्याआधी एक चौकशी लेखी करा : शाळेमार्फत मिळणारी कोणतीही मदत नंतर चालू राहील का? अमेरिकेत १९७५ च्या कायद्यानं दिव्यांग मुलांना सरकारी शाळेमार्फत विशेष शिक्षणाच्या सेवांचा हक्क मिळाला, पण घरी शिकणाऱ्या मुलांना त्या किती मिळतात हे राज्यागणिक बदलतं. तुमच्याकडचा नियम कागदावर हवा. तुमच्या नोकरीतला आरोग्य विमा मुलाला लागू असेल, तर अर्धवेळ झाल्यावर तो टिकतो का तेही विचारा. आणि नवरा-बायको दोघांचाही मुदत विमा घ्या, तुमचासुद्धा. उद्या तुम्ही नसलात तर मुलाला शिकवायला माणूस पगारावर ठेवावं लागेल.

मुलासाठी वेगळे पैसे ठेवायचे असतील, तर वकिलाला विचारल्याशिवाय थेट त्याच्या नावावर टाकू नका. काही देशांत नावावर रक्कम असली की अपंगत्वाची सरकारी मदत घटते; ट्रस्ट करून त्यातून मार्ग निघू शकतो.

पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय, ‘पैशाचा विचार करते म्हणून मी वाईट आई आहे का?’ नाही. मुलगा घरी येऊन रडतो हे पाहूनच तुम्ही लिहायला बसलात.

येत्या पगारापासून तीन महिने घर फक्त ६० वर चालवा. फी तेवढी तुमच्या पगारातून भरा आणि उरलेले २८ वेगळ्या खात्यात टाका. तिसऱ्या महिन्याअखेर तिथे ८४ साठतील. ते खातं न मोडता महिने निघाले, तर अर्धवेळेचा अर्ज द्या.