कोल्हापुरात लाँगबो चालवतो, उजव्या हाताने ओढतो, पण बाण सारखा डावीकडे जातो. धनुष्य कसं सेट करू?

भावा, नेम बदलायच्या आधी दोरी बघ. मुठीच्या आतल्या कडेपासून दोरीपर्यंतचं अंतर म्हणजे ब्रेस हाइट. लाँगबोला ती साधारण 6 ते 7 इंच असते. पीळ वाढवला की दोरी आखडते आणि अंतर वाढतं. दोन-दोन पीळ देत बाण सोड आणि कान दे. आवाज सर्वांत कमी आणि हाताला धक्का सौम्य, तिथेच थांब.

मग नॉकिंग पॉइंट, म्हणजे दोरीवर बाणाची खाच बसते ती जागा. बाण दोरीला काटकोनात धर आणि खाच त्या रेषेच्या 3-4 मिलिमीटर वर ठेव. आधी नुसता दोरा गुंडाळ, पक्कं नंतर कर.

डावीकडे जाण्याचं कारण बहुतेक बाणातच सापडेल. पिसं नसलेला एक बाण आणि पिसांचे दोन-तीन बाण, 10-12 मीटरवरून पेंढ्याच्या घट्ट गठ्ठ्यावर मार. बिनपिसाचा डावीकडे लागला तर काडी, म्हणजे बाणाचा दांडा, तुझ्या धनुष्याला कडक आहे: टोक जड लाव किंवा मऊ काडी घे. उजवीकडे लागला तर काडी मऊ आहे. पिसांच्या बाणांपेक्षा खाली लागला तर नॉकिंग पॉइंट जरा खाली घे. पण एका वेळी एकच गोष्ट बदल, नाहीतर कशाने फरक पडला ते कळतच नाही. आणि तुझी सोडण्याची पद्धत रोज वेगळी असेल तर ही चाचणीच खोटी.

आपल्याकडच्या पावसात लाकडी धनुष्य दमट हवेने मऊ पडतं, पिसंही चिकटतात. ट्यूनिंग कोरड्या दिवशी कर, आणि काम झालं की दोरी उतरवून ठेव.