भोरडी, पळसमैना, गुलाबी मैना: पक्षी एकच की तीन?

प्रश्न असा आलाय: "आमच्या सोसायटीत फेब्रुवारीपासून दिसलेल्या पक्ष्यांची यादी करतोय. मागच्या पांगाऱ्यावर मैनांचा मोठा थवा आला, सोलापूरकडचे एक काका म्हणाले या भोरड्या, एका मुलीने पुस्तकात बघून पळसमैना लिहिलं, तिसऱ्याने गुलाबी मैना. बरोबर काय? आणि भोरडी म्हणायचं की भोरड्या? हा शब्द भोर गावावरून आलाय का?"

ताई, तिघंही बरोबर आहेत, पक्षी एकच. अंग गुलाबी, डोकं, पंख आणि शेपटी काळी, डोक्यावर मागे पडलेला तुरा. पण मला विचाराल तर यादीत पहिलं नाव काकांचं लिहा, कारण ते पिढ्यान्पिढ्या शेतात वापरलेलं नाव आहे आणि शहरात ते पुसत चाललंय याचं मला खरंच वाईट वाटतं.

भोरडी हा शब्द ज्वारीच्या पट्ट्यातल्या माणसाच्या तोंडात जास्त. सोलापूर, मंगळवेढा, नगर, मराठवाडा, जिथे रब्बीची ज्वारी होते तिथे कणसात दाणा भरायला लागला की ह्या थव्याने उतरतात आणि बघता बघता कणसं रिकामी करतात. म्हणून मग शेतात माळा बांधायचा, त्यावर उभं राहून गोफण फिरवायची, पत्र्याचा डबा वाजवायचा, दिवसभर ओरडून घसा बसवून घ्यायचा. "पोरगं भोरड्या हाकायला गेलंय" हे वाक्य त्या भागातल्या कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला विचारा, लगेच ओळखीचं हसतील. त्यामुळे या शब्दाला थोडा रागाचा वास आहे, तो पक्षीप्रेमींचा शब्द नाही, राखण करणाऱ्याचा आहे.

पळसमैना हे नाव त्याच पक्ष्याला झाडाकडून बघून दिलेलं. फेब्रुवारी-मार्चमध्ये ज्वारी काढणीला येते आणि नेमकं तेव्हाच काटेसावर, पळस, पांगारा फुललेले असतात, तिन्ही झाडं पानं गाळून फुलतात म्हणजे पक्षी लांबूनही स्पष्ट दिसतो, आणि फुलात मध भरपूर. मग हाच थवा शेतातून झाडावर येतो, चोच खुपसून मध पितो, कपाळाला पराग लागतात ते पुढच्या फुलाला पोचतात, म्हणजे शेतात जो चोर तोच रानात झाडाचं काम करतो. तुम्हाला तो पांगाऱ्यावर दिसला म्हणून पळसमैना नाव चुकत नाही. सावरीवरही तो असतोच, नाव फक्त सगळ्यात नजरेत भरणाऱ्या झाडावरून पडलंय.

गुलाबी मैना हे रंगावरून, पुस्तकी वळणाचं पण समजायला सोपं. फक्त त्यात एक अडचण आहे, हिवाळ्यात आलेले पक्षी तितके गुलाबी नसतातच. नव्या पिसांच्या कडा मळकट असतात, त्या झिजत जातात तसा खालचा गुलाबी आणि चकचकीत काळा उघडा पडतो, म्हणून मार्चमध्ये तोच पक्षी एकदम देखणा दिसायला लागतो. एप्रिलमध्ये परत निघतात, मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशात, तिकडे घरटी करतात आणि पिल्लांना टोळ-नाकतोडे चारतात. चीनच्या शिंजियांगमध्ये तर टोळ आटोक्यात राहावेत म्हणून ह्यांच्यासाठी मुद्दाम दगडांचे ढीग, कोनाडे करून ठेवतात. आपल्याकडे जी गोफणीने हाकलली तिचं तिकडे असं स्वागत, मला ही गोष्ट फार आवडते.

शास्त्रीय नावातही मजा आहे, पास्टर रोझियस. पास्टर म्हणजे लॅटिनमध्ये मेंढपाळ. हे पक्षी चरणाऱ्या कळपामागे फिरतात, जनावरांच्या पायाने गवतातले किडे उडाले की टिपतात, त्यावरून ते पडलं. हिंदी-पंजाबीकडे ह्याला तिलियर म्हणतात, गुजरातीत वैयां.

आता व्याकरण. एक असेल तर भोरडी, स्त्रीलिंगी. अनेक असतील तर भोरड्या. साळुंकी-साळुंक्या चालतं तसंच. "भोरड्या आला" किंवा "एक भोरड्या दिसला" असं हल्ली मेसेजमध्ये वाचायला मिळतं ते नको, भोरडी दिसली, भोरड्या दिसल्या, भोरड्यांचा थवा. लोकांची गल्लत का होते तेही कळतं, हा पक्षी एकटा क्वचितच दिसतो त्यामुळे एकवचन कानावरच पडत नाही. भिगवणला उजनीच्या काठावर संध्याकाळी रातथाऱ्याला जाताना ह्यांचे एवढे मोठे थवे उठतात की आभाळात धूर वळल्यासारखा दिसतो, तिथे कोण म्हणणार "ती बघ भोरडी"!

भोर गावाशी जोड मला पटत नाही. शब्द वापरात आहे तो ज्वारीच्या कोरडवाहू मुलखात, भोर तर सह्याद्रीच्या पायथ्याचा भाताचा तालुका. हिंदीतल्या पहाटेच्या "भोर"शीही काही लोक जोडतात, पण माळ्यावरच्या राखणदाराने पक्ष्याला हिंदी पहाटेचं नाव दिलं असेल असं वाटत नाही.

यादी करताना अजून एक बघा, शेजारच्या मैनांशी घोळ होऊ शकतो. साळुंकी तपकिरी, डोळ्याभोवती पिवळी कातडी, ती बारा महिने आपल्या कचऱ्यापाशीच असते. भांगपाडी मैनेच्या डोक्यावर काळे केस मागे विंचरल्यासारखे, पोट फिकट नारिंगी, तीही पळसावर मध प्यायला येते त्यामुळे लांबून फसगत होते. कवडी मैना काळी-पांढरी. आणि भोरड्यांच्या थव्यातच काही पक्षी मळकट तपकिरी, फिकट चोचीचे दिसतील, त्यांना साळुंकी समजून वेगळं लिहू नका, ती ह्याच जातीची मागच्या उन्हाळ्यातली पिल्लं आहेत.

तर नोंद अशी करा: "भोरड्या (पळसमैना), थवा, पांगाऱ्यावर मध पिताना, सकाळी." आणि काकांना विचारून घ्या की त्यांच्या गावात त्या साधारण कुठल्या महिन्यात उतरायच्या आणि ज्वारी कमी होऊन ऊस वाढल्यावर त्यात काय फरक पडला, त्यांचं उत्तर त्याच नोंदीखाली त्यांच्याच शब्दांत लिहा.